काउंटीला मॅनेजर नेमावा का? (नोव्हेंबरात मतदान आहे, मदत करा)

ओसरी
सोम, रात्री १०:१२

मंडळी, राजकारणाच्या धाग्यांवर मी सहसा फिरकत नाही. पण यंदा पहिल्यांदाच मतदान करणार आहे (नागरिकत्वाची शपथ घेऊन जेमतेम आठ महिने झालेत) आणि पहिल्याच पेपरात अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आलाय.

आम्ही पेन्सिल्वेनियात राहतो. काउंटीचं नाव मुद्दाम सांगत नाही, शेजारी मराठी आहेत आणि त्यांचा इथे आयडी आहे. आमच्या घरापासून पाऊण मैलावर ओढ्यावर एक छोटा पूल आहे, काउंटीच्या मालकीचा. चार वर्षांपूर्वी तपासणीत त्याचा गर्डर गंजलेला निघाला. दोन्ही तोंडांना काँक्रीटचे ठोकळे आणून टाकले आणि पूल बंद. तेव्हापासून मुलीची स्कूल बस वळसा घालून जाते, रोजची अठरा मिनिटं जास्त. ठोकळ्यांवर आता शेवाळ धरलंय. मागच्या उन्हाळ्यात कुणीतरी त्यावर झेंडूची कुंडी आणून ठेवली होती, म्हणजे लोकांनी त्याला कायमचं बांधकाम मानलंय.

शेवटी रजा काढून काउंटी कमिशनरांच्या बैठकीला गेलो. बैठक बुधवारी सकाळी दहाला, म्हणजे नोकरी करणाऱ्याने येऊच नये अशी वेळ. चाळीस खुर्च्या, सात माणसं. तीन कमिशनर. पहिला म्हणाला पैसे धरलेत. दुसरी म्हणाली डिझाइन अडलंय. तिसरा विरोधी पक्षाचा, तो म्हणाला मी दोन वर्षं हेच सांगतोय. हे काम नक्की कुणाचं, ते तिघांपैकी एकानेही सांगितलं नाही. इंजिनिअरची जागा चौदा महिने रिकामी आहे, ते मला बाहेर पडताना सुरक्षारक्षकाकडून कळलं.

आता इथल्या काही लोकांनी सह्या गोळा करून प्रश्न मतपत्रिकेवर आणलाय: काउंटीचा कारभार कसा असावा याचा अभ्यास करायला एक आयोग निवडायचा का? त्यांचं म्हणणं, तीन कमिशनर जाऊ द्या, एक कौन्सिल निवडा आणि कौन्सिलने शिकलेला, अनुभवी मॅनेजर पगारावर नेमावा. आमच्याच राज्यात लुझर्न काउंटीने हे केलंय म्हणे.

मला ऐकायला छान वाटतं. पण आपण आयुक्त, सीईओ, प्रशासक असं सगळं बघितलेली माणसं. म्हणून विचारतो. जिथे मॅनेजर आहे तिथे राहणाऱ्यांचा अनुभव काय?


चिंचबोर
सोम, रात्री १०:३१

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसतो.


हरकाम्या
सोम, रात्री १०:४०

पुण्यातून विचारतोय, हसू नका. काउंटी म्हणजे तालुका की जिल्हा?


एडिसनची_आत्या
सोम, रात्री ११:०५

@हरकाम्या, दोन्ही आणि दोन्हीही नाही. पेन्सिल्वेनियात ६७ काउंट्या आहेत. त्यात सोळा लाखांचं फिलाडेल्फिया आहे आणि साडेचार हजार वस्तीची कॅमेरॉन काउंटीही आहे. लॉस एंजेलिस काउंटीत एक कोटीच्या आसपास माणसं. कनेटिकटने तर १९६० मध्ये काउंटी सरकारच मोडीत काढलं, नकाशावर रेघा तेवढ्या उरल्या.

कामं म्हणशील तर तुरुंग, कोर्टाची इमारत, मालमत्तेचं मूल्यांकन, निवडणुका, दस्तनोंदणी, काही पूल आणि रस्ते. म्हणजे कलेक्टर कचेरी, झेडपी आणि दुय्यम निबंधक एका छपराखाली. फक्त कलेक्टर नाही.

आमच्या न्यू जर्सीत या कमिशनरांना २०२० सालापर्यंत 'फ्रीहोल्डर' म्हणायचे. वसाहतकाळातला शब्द, ज्याची स्वतःची जमीन तोच निवडून यायचा. २०२१ च्या १ जानेवारीपासून नाव बदललं. मी इथे बावीस वर्षं राहिले, तोवर मला तो इन्शुरन्सचा प्रकार वाटत होता.


हरकाम्या
सोम, रात्री ११:०९

कलेक्टरच नाही? मग पूर आल्यावर पाहणी दौरा कोण करतं?


चिंचबोर
सोम, रात्री ११:१०

आणि पालकमंत्री??


उंटावरचा
मंगळ, सकाळी ७:२०

ओसरी, मी ओहायोत क्लीव्हलँडजवळ राहतो. आमची कायहोगा काउंटी या विषयातली जुनी रोगी. २००८ च्या जुलैत एफबीआयने एकाच दिवशी काउंटीच्या कचेऱ्यांवर आणि घरांवर धाडी घातल्या. कंत्राटं, नोकऱ्या, घराची कामं फुकटात करून घेणं, सगळं निघालं. एका कमिशनरला पुढे २०१२ मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली. लोक इतके चिडले की २००९ च्या नोव्हेंबरात तीन कमिशनरांची पद्धतच मतदानाने बंद केली. ऑडिटर, ट्रेझरर, कॉरोनर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा), इंजिनिअर, शेरीफ ही निवडून यायची पदंही काढली.

पण लक्षात घ्या, आम्ही मॅनेजर नाही नेमला. आम्ही थेट निवडून येणारा काउंटी एक्झिक्युटिव्ह आणि ११ जणांचं कौन्सिल आणलं, २०११ च्या जानेवारीपासून. चोरी पकडली गेली की लोकांना वाटतं एकच माणूस असावा, ज्याच्या मानगुटीला धरता येईल. पगारी मॅनेजरच्या मानगुटीला मतदाराला थेट धरता येत नाही.


बाराखडी
मंगळ, सकाळी ७:५८

या धाग्यावर शब्दांचा घोळ होणार, म्हणून आधीच सांगते. मी व्हर्जिनियात एका काउंटीच्या अर्थसंकल्प विभागात काम करते (कुठल्या ते नाही सांगणार, नोकरी प्यारी आहे). फेअरफॅक्सचा 'काउंटी एक्झिक्युटिव्ह' हा निवडून आलेल्या बोर्डाने नेमलेला पगारी माणूस आहे. पोटोमॅक ओलांडून मेरीलँडच्या माँटगोमेरीत गेलात की 'काउंटी एक्झिक्युटिव्ह' हा निवडून आलेला राजकारणी. नाव तेच, प्राणी वेगळा. त्या माँटगोमेरीत १९४८ च्या चार्टरपासून (चार्टर म्हणजे काउंटीच्या कारभाराची स्वतःची घटना) मॅनेजर होता, पुढे लोकांनी तो बदलून १९७० मध्ये पहिला एक्झिक्युटिव्ह निवडला. उलट आमच्याकडची आर्लिंग्टन ही मतदारांनी मत देऊन मॅनेजर स्वीकारलेली देशातली पहिली काउंटी, १९३२ पासून, आणि अजून तसंच आहे.

आता आतून कसं चालतं ते. हिवाळ्यात मॅनेजर आपला प्रस्तावित अर्थसंकल्प बोर्डापुढे ठेवतो. मग बोर्ड घरपट्टीचा दर जाहिरातीत छापतं. व्हर्जिनियात एकदा दर छापला की त्याच्या खाली यायला मोकळीक, वर जायचं तर पुन्हा जाहिरात. त्यामुळे सगळे सुपरवायझर (बोर्डाचे निवडून आलेले सभासद) आधी चढा दर छापायला तयार असतात आणि एप्रिलमध्ये दोन पैसे कमी करून टाळ्या घेतात. हा नाच दरवर्षी. आम्ही मात्र दोन्ही दरांचे तक्ते तयार करत रात्री साडेदहाला थंड पिझ्झा खात बसलेलो असतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम, जो बाहेरच्यांना दिसत नाही. सुपरवायझरने कुठल्याही विभागप्रमुखाला थेट हुकूम द्यायचा नाही, जे असेल ते मॅनेजरमार्फत. माझ्या टेबलावर एकदा एका सुपरवायझरच्या सहायकाचा मेल आला, 'अमुक पार्कला एवढी रक्कम दाखवा.' मी तो साहेबांकडे पाठवला. अर्ध्या तासात त्या सहायकाचा माफीचा मेल. ओसरी, तुमच्या पुलाचं उत्तर मला यात दिसतं. आमच्याकडे इंजिनिअरची जागा चौदा महिने रिकामी राहिली तर ती का राहिली याचं उत्तर द्यायला एक ठरलेला माणूस आहे.


ओसरी
मंगळ, सकाळी ८:१५

बाराखडी, __/\__ हेच हवं होतं. वाचनखूण साठवली.


सातबारा
मंगळ, सकाळी ९:४०

मी झेडपीतून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालो, सध्या मुलाकडे टेक्सासला सहा महिने आहे. वेळच वेळ. म्हणून लिहितो.

आमच्याकडे १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, तेव्हापासून हीच रचना आहे. निवडून आलेले सभासद, त्यांचा अध्यक्ष आणि कारभार हाकायला शासनाचा मुख्य कार्यकारी अधिकारी. कागदावर बघाल तर तुमच्या मॅनेजरचा सख्खा भाऊ. प्रत्यक्षात काय होतं? मी अठ्ठावीस वर्षांत सतरा सीईओ पाहिले. एक साहेब आले, अत्यंत हुशार, सकाळी नऊला कचेरीत. शाळाखोल्यांच्या दुरुस्तीची एक फाइल होती. अध्यक्षांना त्यात आपल्या गटाची गावं हवी होती. साहेबांनी यादी पटसंख्येवर लावली. अध्यक्षांनी फाइलवर नकार लिहिला नाही. फक्त हिरव्या शाईत 'चर्चा करावी' लिहिलं. फाइल साहेबांकडे गेली, साहेबांनी लाल शाईत 'चर्चा केली' लिहिलं. पुन्हा वर, पुन्हा 'चर्चा करावी'. असे चार फेरे मी स्वतः आवक-जावकमध्ये नोंदवलेत. पाचव्या फेऱ्याच्या आधी साहेबांच्या बदलीचा फॅक्स आला, अकराव्या महिन्यात. त्या पावसाळ्यात दोन खोल्या गळतच राहिल्या.

तेव्हा मॅनेजर शिकलेला आहे की नाही हे मी विचारणार नाही. आमचे सगळे शिकलेलेच होते. त्याला घरी कोण पाठवू शकतो, एवढं मला सांगा.


पाणवठा
मंगळ, सकाळी ९:५२

काका, 'चर्चा केली' ला दंडवत. __/\__


गवती_चहा
मंगळ, सकाळी १०:०३

सातबारा काकांच्या शेवटच्या ओळीला +१००. आपल्याकडे आणि इथे मूळ फरक तोच आहे. आपला आयुक्त मुंबईहून येतो आणि मुंबईच त्याला उचलते. नवी मुंबईत २०१६ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त असताना नगरसेवकांनी १०४ विरुद्ध ६ असा अविश्वास ठराव केला होता. तरी ते पुढचे काही महिने खुर्चीवर होते, कारण सरकारला हवे होते. नको झाले तेव्हा गेले. दोन्ही वेळेला नवी मुंबईकरांना कुणी विचारलं नाही. (मुंढे बरोबर की नगरसेवक, यावर इथे भांडू नका, त्याचे वेगळे धागे आहेत.)

इथल्या मॅनेजरला कौन्सिल नेमतं आणि कौन्सिलच काढतं. साध्या बहुमताने निघतो की दोन तृतीयांश लागतात, हे चार्टरमध्ये बघा. ओसरी, माझ्या मते सगळा खेळ त्या एका आकड्यात आहे.


अडकित्ता
मंगळ, दुपारी १२:३०

सगळे मॅनेजरवर इतके खूश आहात म्हणून थोडं मीठ टाकतो. कॅलिफोर्नियात बेल नावाचं चाळीस हजारांच्या आतलं गाव आहे, बहुतेक कष्टकरी लॅटिनो वस्ती. २०१० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने छापलं की तिथला सिटी मॅनेजर वर्षाला आठ लाख डॉलरच्या आसपास पगार घेतोय. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या जवळपास दुप्पट! भत्ते धरून आकडा त्याहून बराच वर. २०१४ मध्ये त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली.

हे जमलं कसं? २००५ मध्ये गावाने चार्टर घ्यायचं म्हणून एक विशेष निवडणूक घेतली आणि त्यामुळे कौन्सिलच्या मानधनावरची राज्याची मर्यादा गेली. त्या निवडणुकीत चारशेसुद्धा मतं पडली नव्हती. मॅनेजरला विचारणारं कौन्सिल त्याच्याच ताटात जेवत होतं. ओसरींच्या त्या चाळीस खुर्च्या आणि सात माणसं वाचल्यावर मला बेलच आठवलं.


उंटावरचा
मंगळ, दुपारी १२:४१

बेल हे शहर आहे, काउंटी नाही.


अडकित्ता
मंगळ, दुपारी १२:४४

खाणाऱ्याला हद्द नसते हो.


मोडी_वाचक
मंगळ, रात्री ९:१८

जरा इतिहासात डोकावतो, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

अमेरिकेत पगारी मॅनेजरची सुरुवात १९०८ मध्ये व्हर्जिनियातल्या स्टाँटनला झाली. पहिला माणूस चार्ल्स अ‍ॅशबर्नर, इंजिनिअर. आणि हा गृहस्थ जन्मला कुठे? मुंबईत! बाप ब्रिटिश लष्करात होता. पुढे १९१३ च्या मार्चमध्ये ओहायोतलं डेटन पुरात बुडालं, जुन्या कारभाऱ्यांचं पितळ उघडं पडलं आणि १९१४ पासून तिथे मॅनेजर आला. त्यांनी आधी पनामा कालवा बांधणाऱ्या गोथल्सलाच विचारलं होतं. तो नाही म्हणाला. डेटनच्या यशानंतर ही टूम शहरांमध्ये झपाट्याने पसरली, काउंट्यांमध्ये मात्र फार सावकाश.

आता आपल्याकडचं. मुंबईत हा वाद त्याच्याही चाळीस वर्षं आधी होऊन गेलाय. १८६५ च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर झाले, एकहाती सत्ता. शहर स्वच्छ केलं, बाजार बांधला (ज्याला आपण अजून क्रॉफर्ड मार्केटच म्हणतो), आणि तिजोरी रिकामी केली. १८७१ मध्ये करदाते खवळले, म्हणाले कमिशनरचे अधिकार काढून समितीकडे द्या. तेव्हा तिशीही न गाठलेले फिरोजशहा मेहता उभे राहिले आणि उलटं बोलले: कारभार एकाच माणसाच्या हाती ठेवा, पण त्याच्यावर लक्ष ठेवणारी सभा लोकांना निवडू द्या. त्या दिवशी सभेत त्यांची हुर्यो झाली. १८७२ च्या कायद्यात निम्मे सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले आणि १८८८ चा कायदा तर त्यांचाच म्हणून ओळखला जातो.

फक्त एक गोम राहिली. कमिशनर नेमायचा अधिकार सरकारने स्वतःकडेच ठेवला. इंग्रज गेले तरी तो तिथेच आहे.


झिप्री
मंगळ, रात्री ९:३०

म्हणजे पहिला अमेरिकन मॅनेजर मुंबईकर. धागा इथेच संपवा, आपण जिंकलो.


हरकाम्या
मंगळ, रात्री ९:३६

मुंबईत मधे 'मेयर इन कौन्सिल' (महापौराच्या हाती कारभार) पण आणलं होतं ना?


मोडी_वाचक
मंगळ, रात्री ९:४९

हो, १९९८ मध्ये. वर्षभरातच गुंडाळलं. आपल्याकडे प्रयोगाला अंकुर फुटायच्या आत उपटून मुळं बघतात. थेट सरपंचाचं बघा ना. २०१७ ला आणला, २०२० ला काढला, २०२२ ला परत आणला.


ढेकूळ
बुध, सकाळी ६:५५

मी मायामीत. आमच्याकडे या नाटकाचे तिन्ही अंक होऊन गेलेत. १९५७ च्या चार्टरने काउंटी मॅनेजर आला. पुढे लोकांना वाटलं मॅनेजर तेरा कमिशनरांच्या तालावर नाचतो, एक खंबीर माणूस हवा. २००७ च्या जानेवारीत मतदान होऊन सगळे कार्यकारी अधिकार मेयरकडे गेले. त्याच मेयरला २०११ च्या मार्चमध्ये ८८ टक्के मतांनी मुदतीआधीच घरी पाठवलं! मंदीत घरपट्टी वाढवली आणि वर पगारवाढी दिल्या. तेव्हा कुणाची पद्धत बरी हे मला विचारू नका. आमच्याकडे लोक पद्धतीवर चिडत नाहीत, बिलावर चिडतात.


पाणवठा
बुध, सकाळी ७:१०

लॉस एंजेलिसवाले अजून आले नाहीत का? त्यांच्याकडे तर उलटी गंगा आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात पाच सुपरवायझरांचे नऊ करायचं आणि नेमलेल्या सीईओच्या जागी २०२८ पासून निवडून येणारा एक्झिक्युटिव्ह आणायचं ठरलं. एकेक सुपरवायझर वीस लाख लोकांचा, खासदारापेक्षा मोठा मतदारसंघ! आणि २०२५ मध्ये लक्षात आलं की या दुरुस्तीच्या मसुद्यामुळे २०२० ची दुसरीच एक लोकांनी मंजूर केलेली दुरुस्ती चुकून रद्द होतेय, कारण ती चार्टरच्या प्रतीत नीट चढवलेलीच नव्हती.


सातबारा
बुध, सकाळी ८:०२

आमच्याकडे शुद्धिपत्रक काढून मोकळे झालो असतो.


ओसरी
बुध, रात्री १०:२५

सगळ्यांचे आभार. दोन दिवस लुझर्नबद्दल वाचत होतो. तिथल्या दोन न्यायाधीशांनी खासगी बालसुधारगृहांशी संबंधित लोकांकडून लाखो डॉलर घेतले, आणि त्याच काळात किरकोळ गुन्ह्यांसाठी पोरांना धडाधड आत पाठवत होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला हजारो निकाल रद्द करावे लागले. एकाला २८ वर्षांची शिक्षा (उंटावरचा, तुमचाच आकडा!). त्याच सुमारास काउंटीचे आणखीही लोक सापडले. मग २०१० च्या नोव्हेंबरात चार्टर मंजूर झालं आणि २०१२ च्या जानेवारीपासून ११ जणांचं कौन्सिल आणि नेमलेला मॅनेजर. पूर्वी निवडून येणारे शेरीफ, कॉरोनर, ट्रेझरर, दस्तनोंदणीवाले हे सगळे आता मॅनेजरच्या हाताखाली. डीए (सरकारी वकील) आणि कंट्रोलर (हिशेब तपासणारा) तेवढे निवडून येतात.

बायको वाचून म्हणाली, 'पण चोर तर न्यायाधीश होते. मॅनेजर त्यांना काय करणार होता?' मी गप्प.


गवती_चहा
बुध, रात्री १०:४०

वहिनींना अनुमोदन. न्यायाधीश राज्याच्या न्यायव्यवस्थेत, निवडून येणारे. उद्या काउंटीत दहा मॅनेजर बसवले तरी त्यांच्या हाती तिथे काही नाही. लोक चिडले होते आणि हाताशी जो दोर होता तो ओढला, एवढंच.


बाराखडी
बुध, रात्री ११:०१

थोडी असहमत. त्या सुधारगृहाशी करार काउंटीचा होता, बिलं काउंटी भरत होती. दर महिन्याची रक्कम फुगतेय हे बघून 'हे काय चाललंय' असं विचारणारा एक रुक्ष माणूस आत असता तर निदान प्रश्न आधी विचारला गेला असता. आम्हा बजेटवाल्यांचं सगळं आयुष्य 'हे का वाढलं?' विचारण्यात जातं.

पण लुझर्नचं दुसरंही बघा. २०१२ ते २०२३ मध्ये चार मॅनेजर झाले, मधले हंगामी वेगळे. एक तर वर्षभरही टिकला नाही. २०२२ च्या निवडणुकीत मतदान केंद्रांवर मतपत्रिका छापायचा कागदच संपला होता! अनुभवी लोक निघून गेले की अशा साध्या गोष्टी सुटतात. मॅनेजर चांगला मिळणं आणि टिकणं, दोन्ही कौन्सिलच्या स्वभावावर आहे. माणूस अर्ज करायच्या आधी तुमच्या बैठकांचे व्हिडिओ बघतो. मीही बघते.


झिप्री
बुध, रात्री ११:१५

अवांतर: पेन्सिल्वेनियात 'प्रोथोनोटरी' नावाचं पद निवडून येतं हे खरं का? आमच्या शेजाऱ्याच्या अंगणात तशी पाटी होती. मला वाटलं डायनासोर.


मोडी_वाचक
बुध, रात्री ११:२४

खरं आहे. दिवाणी कोर्टाची कागदपत्रं सांभाळणारा. आणि हसू नका, मुंबई उच्च न्यायालयातही 'प्रोथोनोटरी अँड सीनियर मास्टर' आहे! आपल्याकडे नेमतात, इथे त्याच्यासाठी प्रचार करतात.


चिंचबोर
बुध, रात्री ११:२६

ताई माई अक्का, विचार करा पक्का, प्रोथोनोटरीवर मारा शिक्का.


एडिसनची_आत्या
बुध, रात्री ११:३३

खिक्. पण झिप्रीने सहज मुद्द्याचं काढलंय बघ. ओसरी, तुझी काउंटी मॅनेजर आणेल आणि शेरीफ, ट्रेझरर, कॉरोनर निवडूनच येत राहिले, तर तो मॅनेजर सासुरवाशिणीसारखा. घर तिने चालवायचं, किल्ल्या दुसऱ्यांच्या कमरेला. टेक्सासमध्ये हॅरिस काउंटीने २०२१ मध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नेमला, पण निवडून येणारी पदं राज्याच्या घटनेतलीच, त्यांना हात कोण लावणार?

शिवाय घरपट्टीचं बिल काढून बघ. पेन्सिल्वेनियात मोठा तुकडा शाळेचा असतो, काउंटीचा लहान. मॅनेजर आला म्हणून बिल उतरेल अशी आशा ठेवू नकोस. पूल होईल कदाचित.


हरकाम्या
गुरु, सकाळी ९:००

प्रतिसाद काढून टाकला आहे.


अडकित्ता
गुरु, सकाळी ९:०४

काय लिहिलं होतंत ते सगळ्यांनी वाचलंय. :)


उंटावरचा
गुरु, सकाळी ९:३०

एक राहिलं. तीन कमिशनरांच्या पद्धतीत पेन्सिल्वेनियात एक चांगली खोच आहे. तीन जागा, पण पक्ष दोनच उमेदवार देतो आणि मतदारही दोनच मतं देतो. त्यामुळे तिसरी जागा जवळपास कायम दुसऱ्या पक्षाला. ओसरींना 'मी दोन वर्षं हेच सांगतोय' म्हणणारा जो भेटला, तो या तरतुदीमुळेच तिथे बसलाय. नव्या कौन्सिलमध्ये सगळे एकाच पक्षाचे आले तर ते वाक्य म्हणायलाही कुणी उरणार नाही. आयोगाला याबद्दल जरूर विचारा.


ढेकूळ
गुरु, सकाळी ९:४१

ते वाक्य ऐकून पूल झाला का पण?


ओसरी
रवि, रात्री ८:५०

काल ग्रंथालयात आयोगाच्या उमेदवारांची सभा होती. शनिवारी! म्हणजे निदान वेळ तरी सुधारली. यावेळी तीसेक माणसं. माझ्या वहीत या धाग्यावरचे तीन प्रश्न उतरवून नेले होते: मॅनेजरला किती मतांनी काढता येईल, कोणती पदं त्याच्या हाताखाली येतील आणि विरोधी पक्षाची जागा राखली जाईल का.

उच्चार सांभाळत विचारले. पहिल्या प्रश्नाला एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, साधं बहुमत असावं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, छे, मग दर दोन वर्षांनी नवा माणूस. दोघांची तिथेच जुंपली आणि मला पहिल्यांदा वाटलं की या लोकांनी विचार केलाय. दुसऱ्या प्रश्नावर खोलीच्या मागून एक उंच माणूस उठून निघून गेला. नंतर कळलं, तो ट्रेझरर. तिसऱ्या प्रश्नावर सगळे म्हणाले 'चांगला प्रश्न', म्हणजे उत्तर नाही.

आयोगाला मी 'हो' म्हणणार आहे. मॅनेजरचं त्यांचा अहवाल आल्यावर बघू. सातबारा काका, तुमची 'चर्चा केली'ची गोष्ट बायकोने सासऱ्यांना फोनवर वाचून दाखवली. ते पाटबंधारे खात्यातले. दोन मिनिटं हसत होते, मग म्हणाले आमच्याकडे हिरवी शाई साहेबांची असायची.


सातबारा
रवि, रात्री ९:१०

त्यांना नमस्कार सांगा. शाई खात्यागणिक बदलते.


एडिसनची_आत्या
रवि, रात्री ९:२२

ओसरी, पहिलं मतदान आहे म्हणून सांगते. मतपत्रिका उलटून बघ, असले प्रश्न बरेचदा मागच्या बाजूला असतात. आणि तुमच्याकडे आयोग हवा की नको आणि आयोगावर कोण, या दोन्हींचं मतदान एकाच दिवशी होतं. 'नको' म्हणणाऱ्यानेही माणसं निवडायची असतात, नाहीतर आयोग झाला तर त्यावर भलतेच बसतात. शेजाऱ्यांनाही सांग, त्यांचा इथे आयडी असला तरी.